तायड्यांचं बोट

तायडे डोळे मिटून हात वाचायचे. त्यामुळे एखाद्या गावात पहिल्यांदा गेलो की बाया त्यांना ज्योतिषी समजत आणि तळवा पुढे करत. तायडे तो तळवा हळूच बाजूला वळवून, मनगट आणि कोपर यांच्या मधल्या मऊ जागेवर आपली उजवी तर्जनी टेकवत. बोट एका बाजूनं सरकत यायचं, कुठंतरी थांबायचं. मग दुसऱ्या बाजूनं यायचं आणि पुन्हा थांबायचं. डोळे उघडून त्या दोन थांब्यांमधलं अंतर ते पारदर्शक पट्टीनं मोजायचे आणि मिलिमीटरचा आकडा सांगायचे. तो आकडा कार्डावर लिहिणं हे माझं काम.

एकोणीसशे पन्नासचं दशक सरत आलं होतं. मी अमरावतीहून इंटर होऊन बी.सी.जी.ची लस देणाऱ्या पथकात कारकून म्हणून लागलो होतो. आमचं ठाणं अकोल्याला. एक डॉक्टर, एक जीप, तायडे आणि मी. पहिल्या दिवशी गावात जाऊन सगळ्यांच्या डाव्या हाताला कातडीच्या जेमतेम आत एक बारीक सुई टोचायची. तिच्यात क्षयाच्या जंतूंचा अर्क असे, जिवंत जंतू नसत. तीन दिवसांनी परत जायचं. ज्याच्या अंगाची त्या जंतूशी आधी कधी गाठ पडलेली असेल, त्याच्या हातावर टोचल्या जागी कडक सूज येई. ज्याची पडलेली नसेल त्याचा हात साफ. साफ हातवाल्यांना लस द्यायची, सूजवाल्यांना नाही. एवढंच काम. पण त्या सुजेच्या भोवती लाली पसरते आणि लाली डोळ्यांना फसवते. खरी गाठ कुठं सुरू होते आणि कुठं संपते हे फक्त बोटाला कळतं. म्हणून तायडे डोळे मिटायचे.

त्या बोटाची ते जी निगा राखायचे, तिचं मला सुरुवातीला हसू यायचं. विहिरीचा दोर डाव्या हातानं ओढायचे. लाकडं फोडायची झाली तर घरी मंडळी फोडायच्या, आणि त्याबद्दल त्या जे बोलायच्या ते तायडे आम्हाला हसत सांगायचे. हात वाचायच्या दिवशी ठेच्याला शिवायचे नाहीत. भाकरीबरोबर दुसरं काही कोरड्यास नसलं तर नुसतं मीठ लावून खायचे. "मिरचीचं बोट लेकराच्या सुजेले लागलं तं ते बोंबलन," म्हणायचे. थंडीत सकाळी चहाचा पेला दोन्ही हातांत धरून बसायचे आणि चहा शेवटी प्यायचे, तोवर तो निवलेला असायचा. कोणी म्हटलं, गरम प्या की, तर म्हणायचे, "चहा बोटासाठी घेतला. माह्यासाठी उरला तं उरला."

बुटकासा माणूस. काळा, तुकतुकीत, केस तेल लावून चापून बसवलेले, पांढऱ्या शर्टाच्या खिशात पट्टी. बाप अकोल्याला कापसाच्या जिनात कामाला होता, आणि हे वस्तीतले पहिले मॅट्रिक. यापेक्षा जास्त ते स्वतःबद्दल सांगत नसत आणि मीही कधी विचारलं नाही.

लागल्यावर दोन-तीन महिन्यांतली गोष्ट. वरून एक तपासनीस साहेब आले. त्यांनी वऱ्हाडातल्या सगळ्या पथकांची कार्डं मागवली आणि तायड्यांना समोर उभं केलं.

"तुमचे आकडे विचित्र आहेत," साहेब म्हणाले. "बाकीच्यांचे बघा. दहा, पंधरा, दहा, वीस. तुमचे अकरा, तेरा, सतरा, चौदा. मनानं लिहिता का?"

तायडे शांतपणे म्हणाले, "साहेब, मनानं लिहिले असते तं दहा-पंधराच लिहिले असते. कातडी पाचाच्या पाढ्यात बोलत नाई."

साहेबांना ते आवडलं नाही. त्यांनी परीक्षा घ्यायची ठरवली. अकोल्यातल्या एका शाळेत तीन दिवसांपूर्वी टोचलेला एक वर्ग होता. दोन खांबांमध्ये चादर बांधली, तिला हात जाईल एवढं भोक पाडलं. अलीकडे तायडे, पलीकडे मुलं. चेहरा दिसायचा नाही. सकाळी सगळे हात वाचून झाले, आकडे मी लिहिले. दुपारी मुलांचा क्रम उलटापालटा करून तेच हात पुन्हा वाचायचे. साहेब स्वतः माझ्या शेजारी सकाळचा कागद घेऊन बसले.

हात येत होते, तायडे डोळे मिटून गाठ शोधत आणि पट्टीवर पाहून आकडे सांगत होते, आणि साहेबांची पेन्सिल एकेका आकड्यावर थांबून पुढं जात होती. कुठं एकाचा फरक, बहुतेक ठिकाणी तोही नाही. मध्येच पलीकडे मुलांमध्ये खुसखुस झाली. एक हात भोकातून आला. तायड्यांनी बोट टेकवलं आणि डोळे न उघडताच म्हणाले, "हा आत्ताच येऊन गेला. तेराच हाय अजून. बाकीच्यायले येऊ दे, बेटा."

पलीकडे हशा पिकला. साहेबांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि बाकीचे हात न पाहताच चहा मागवला. जाताना म्हणाले, "दुसऱ्या पथकांतली माणसं तुमच्याकडे शिकायला पाठवतो." त्या दिवशी तायडे घरी जाताना गुणगुणत होते, आणि तायडे गुणगुणतात हे मला तेव्हाच कळलं. सूर बरा नव्हता.

धर्मांतराला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. तायडे बौद्ध. आता ज्या माणसाचं कामच लोकांच्या हाताला हात लावायचं, त्याच्या वाट्याला त्या काळी काय येत असेल हे सांगायला नको. बहुतेक ठिकाणी सरकारी जीप आणि पांढरा शर्ट बघून कोणी काही बोलत नसे. पण तिवशाकडच्या एका गावातला प्रसंग मी जवळून पाहिला.

गावच्या पाटलांच्या घरची बाळंतीण आणि लेकरं शाळेत येणार नाहीत, म्हणून आम्हीच त्यांच्या घरी गेलो होतो. पहिल्या दिवशी सुई डॉक्टरांनी स्वतः टोचली. सुई दुखत नाही हे दाखवायला तायडे अशा ठिकाणी आधी स्वतःच्या हाताला टोचून घेत, तशी त्या दिवशीही घेतली. तिसऱ्या दिवशी डॉक्टर वाटेतल्या दुसऱ्या गावाला उतरले होते. आम्ही दोघंच पोहोचलो. ओसरीत पाटलांची आई बसली होती, मांडीवर चार वर्षांचा नातू.

तायड्यांनी हात पुढे केला तसा म्हातारीनं नातवाचा हात पदराखाली घेतला.

"तू कोनाचा रे?"

"अकोल्याचा, आजी. तायडे."

"तसं नाई इचारत मी."

"माईत हाय मले, काय इचारून राहिल्या तं. बौद्ध हाय मी."

म्हातारी माझ्याकडे वळली. मग माझं नाव विचारलं. मी देशमुख म्हटल्यावर म्हणाली, "मंग ह्यायले पाहू दे. तू तिथूनच सांग."

मला वाटलं, कशाला तंटा वाढवा. मी पुढं झालो, लेकराच्या हाताला दोन बोटं लावली आणि म्हणालो, "दहा असेल."

तायडे माझ्याकडे पाहून हसले. "देशमुख बाबू, तुमचे दहा मी कार्डावर चढू देनार नाई." मग म्हातारीला म्हणाले, "आजी, लांबून लाली दिसते, गाठ दिसत नाई. लस द्याची का नाई, ते गाठीवर ठरते. मी अंदाजानं सांगितलं अन् चुकलो, तं लेकराचं नुकसान. दोन रस्ते हायत. घरच्यायनं पाहू देलं नाई, असं कार्डावर लिहितो अन् जातो. नाईतं तुमीच पाहा."

"मले काय समजते त्यातलं?"

"मी शिकवतो ना."

"कसं शिकवशीन?"

तायड्यांनी बाही वर सारली आणि आपला डावा हात पुढे केला. त्यांच्या हातावर चांगली टपोरी सूज आली होती. "शिकाचं तं पहिले चांगल्या गाठीवर शिका लागते. इथं बोट ठेवा."

आतून सून दारात येऊन उभी राहिली होती. नातू आजीच्या तोंडाकडे बघत होता. मी कार्डांची चळत उगाच सारखी केली. तायडे हात पुढे धरून तसेच बसले होते. घाई नाही, आग्रह नाही, तोंडावर राग नाही. मग म्हातारीनं बोट पुढे केलं आणि त्यांच्या हातावर टेकवलं.

"सरकवा," तायडे म्हणाले. "हळू. दाबू नोका."

"इथं कडक लागते."

"थांबा तिथंच. ते एक टोक. आता तिकडून या."

"अन् हे इथं."

"बराबर. ते दुसरं. आता लेकराचं पाहा."

म्हातारीनं नातवाचा हात बाहेर काढला. दोन्हीकडून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. "लाल तं हाय," ती म्हणाली, "पन कडक कायी लागत नाई. का माह्यं बोटच मेलं, बाप्पा?" मग हात त्यांच्यापुढे धरला. "तूच पाय."

तायड्यांनी डोळे मिटले, बोट फिरवलं. "तुमचं बराबर हाय, आजी. गाठ नाई. लस द्याची." मी म्हटलेले दहा कुठंच नव्हते.

लस देऊन आम्ही निघालो. वळून पाहिलं तर म्हातारी विहिरीपाशी हात धूत होती. मी पाहिलं, तायड्यांनीही पाहिलं. जीपमध्ये बसल्यावर मला राहवलं नाही. मी काहीतरी रागानं बोललो. मुख्य म्हणजे माझा राग माझ्यावरच होता, त्या मध्येच पुढं केलेल्या दोन बोटांवर. तायडे म्हणाले, "धुतले तं धुतले जी. लावलं ना आधी. अन् बुढीचं बोट चांगलं हाय. तुमच्यापेक्षा चांगलं." आणि त्यांनी पुढच्या गावाची कार्डं मागितली.

एका प्रश्नानं मात्र त्यांना पछाडलं होतं. तो ते भेटेल त्या डॉक्टरला विचारायचे. "साहेब, अंगाले कसं समजते, की हा तोच जंतू हाय म्हनून?" देवीची लस टोचली, विषमज्वर होऊन गेला, तरी आमच्या सुईला हात सुजत नाही. क्षयाचा जंतू येऊन गेला असेल तरच सुजतो. म्हणजे अंगात कोणीतरी आहे, जो नेमका त्यालाच ओळखतो. तो कोण, आणि ओळखतो कशानं?

आमचे डॉक्टर भला माणूस. ते म्हणायचे, "रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथं गोळा होतात, एवढं ठाऊक आहे. ओळखतात कशा, ते अजून कोणालाच नीट माहीत नाही, तायडे."

तायड्यांनी स्वतःपुरतं एक उत्तर काढलं होतं. एकदा तेल्हाऱ्याच्या रस्त्यावर जीप बंद पडली असताना, कपाशीच्या शेताच्या बांधावर बसून त्यांनी ते डॉक्टरांना सांगितलं. "मले असं वाट्टे साहेब, का आतमंदी लय जन असन. एकेकाले एकच जंतू समजते, दुसरा समोर उभा राहिला तरी समजत नाई. ज्याचा गडी आला, त्यानंच उठाचं. मंग तो आपली पिलावळ वाढवते, अन् तेच बंदे हातावर येऊन बसते."

डॉक्टर हसले. "जगात जंतू किती. प्रत्येकासाठी एकेक वेगळा माणूस पाळायचा तर किती माणसं ठेवावी लागतील अंगात?"

"मंग जागा कमी हाय का, साहेब?"

डॉक्टर आणखी हसले, मीही हसलो. आज म्हातारपणी त्या हसण्याची मला लाज वाटते. माझा पुतण्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. त्यानं मला परवा समजावून सांगितलं. त्या पांढऱ्या पेशींतली एक जात अशी असते की तिच्या अंगावर ओळखायचा एक भाग असतो. तो कसा घडवायचा हे ज्यांच्यात लिहिलेलं असतं, ती जनुकं अख्खी मिळतच नाहीत, सुट्या तुकड्यांत मिळतात. प्रत्येक पेशी घडताना त्या तुकड्यांतले काही निवडून आपल्या तऱ्हेनं जोडून घेते. म्हणून अगणित पेशी आणि जवळजवळ प्रत्येकीची ओळख निराळी. जंतू यायच्या आधीपासूनच त्या तयार असतात. ज्या पेशीच्या ओळखीत तो बसतो, ती जागी होते, वाढते, आणि तिची पिलावळ पुढं कित्येक वर्षं अंगात राहते. हातावर तीन दिवसांनी जमते ती हीच मंडळी. पुतण्यानं कागदावर चित्र काढून दाखवलं. मी त्याला म्हटलं, हे मला आधीच माहीत आहे, मी तेल्हाऱ्याच्या रस्त्यावर बांधावर बसून ऐकलंय. त्याला वाटलं, काका आता वयानुसार काहीही बोलतात.

हिवरखेडचा प्रसंग माझ्या चुकीतून घडला.

पद्धत अशी होती की तायडे आकडा सांगायचे आणि मी तो मोठ्यानं परत म्हणून लिहायचा, म्हणजे चूक होत नाही. हिवरखेडला सुमन नावाची एक मुलगी रांगेत होती. सतरा-अठरा वर्षांची, तेल्हाऱ्याला लग्न ठरलेलं. तायडे हळू आवाजात म्हणाले, "बावीस. फोड हाय." मी सवयीनं मोठ्यानं म्हटलं, "बावीस, फोड." रांगेशेजारी तिच्या होणाऱ्या नवऱ्याची, गावात पाहुणी आलेली आत्या बघत उभी होती.

दोन दिवसांनी आम्ही पुढच्या गावात असताना सुमनचे वडील सायकल हाणत आले. धोतर धुळीनं भरलेलं. "काय केलं जी तुमी," ते म्हणाले. "पोट्टीले क्षय हाय म्हनून बंद्या गावात झालं. सोयरिक मोडून राहिले ते लोकं."

मी खाली मान घालून उभा. तायड्यांनी मला शब्दानं विचारलं नाही. त्यांना बसवलं, पाणी दिलं. "दादा, हे दुखनं नोय, हे वळख हाय," ते म्हणाले. "जंतू कधीतरी दारात येऊन गेला. अंगानं त्याले हाकललं अन् ध्यानात ठेवलं. पन सूज मोठी हाय. म्हनून मी तुमाले खोटा धीर देनार नाई. अकोल्याले फोटो काढू छातीचा. साफ निघाला तं मी सोता तेल्हाऱ्याले येतो. नाई निघाला, तं इलाज करू. आता त्याच्यावर गोळ्या हायत, इंजेक्शनं हायत. पन आधी पाहू."

त्यांनी दोन दिवसांची रजा टाकली. मीही टाकली. एक्स-रेच्या खोलीबाहेरच्या बाकावर सुमन, तिचे वडील आणि आम्ही दोघं. सुमननं एकदाच तायड्यांना विचारलं, "काका, मले खोकला नाई, ताप नाई. तरी असू शकते का?" तायडे म्हणाले, "असू शकते बेटा. म्हनून तं बसलो." ते खोटं बोलले असते तर मला त्या क्षणी बरं वाटलं असतं. सुमनला नसतं वाटलं बहुधा, कारण त्या उत्तरानंतर ती सरळ बसली.

फोटो साफ निघाला. थुंकीही साफ. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. ती घेऊन आम्ही तेल्हाऱ्याला मुलाच्या घरी गेलो. मुलाचे वडील सुपारी कातरत होते. चिठ्ठी त्यांनी उलटीसुलटी पाहिली.

"चिठ्ठीवर काय लिहाचं ते लिहिनारा लिहिते," ते म्हणाले. "हात तं फुगला होता ना?"

"फुगला होता," तायडे म्हणाले. "तुमचा फुगते का, पाहू."

"मले काय झालं?"

"कायी झालं नाई. म्हनूनच टोचून घ्या. तुमी, पोरगा, आत्याबाई, बंदेच. तीन दिवसानं येतो. तुमचे हात साफ निघाले, तं माह्यं चुकलं, मी जातो."

त्यांना नाही म्हणता आलं नाही, कारण नाही म्हणणं भ्याल्यासारखं दिसलं असतं. तीन दिवसांनी आम्ही गेलो. मी कार्डं काढली. तायड्यांनी मला आधीच बजावलं होतं, तोंड उघडायचं नाही. एकेकाला ते आतल्या खोलीत बोलवत, हात वाचत, आकडा ज्याचा त्यालाच हळूच सांगत आणि मला बोटांनी दाखवत. वडील अठरा. मुलगा सोळा. आत्याबाई शेवटी आल्या, बाही घट्ट धरून. तायडे म्हणाले, "दाखवा ताई, मी कोनाले सांगत नाई." बाही वर गेली. चोवीस, आणि सुमनसारखीच फोड.

आत्याबाईंचं तोंड उतरलं. "मले क्षय हाय का जी?"

"दिसत नाई तसं. पन सुमनचा फोटो काढला, तसा तुमचाबी काढू. अकोल्याले या, मी संगं येतो."

बाहेर सगळे वाट बघत होते. तायडे गप्प बसले. चोवीस हा आकडा त्या ओसरीत फक्त तीन माणसांना माहीत होता. त्यांनी तो सांगितला असता तर आमचं काम तिथंच झालं असतं, आणि सांगावा असं मला फार वाटत होतं. मुलाचे वडील आपल्या हाताकडे बघत म्हणाले, "अठरा म्हंजे लयच झाले का?" मग आत्याबाईच दारातून म्हणाल्या, "दादा, पोट्टीचा फोटो साफ हाय म्हन्ते ना. लगन होऊ द्या." आणि आत निघून गेल्या.

लग्न झालं. आत्याबाईंचा फोटोही साफ निघाला. हिवरखेडच्या मांडवात तायड्यांना सगळ्यांच्या पंगतीत, मुलाच्या वडिलांच्या शेजारी बसवलं होतं. दुसऱ्या दिवशी हात वाचायचे नव्हते, म्हणून त्यांनी वांग्याच्या भाजीबरोबर ठेचाही मागून घेतला, तीनदा. आकडा मोठ्यानं म्हणायची पद्धत आमच्या पथकातून त्यानंतर बंद झाली. वरून कोणी विचारलंही नाही.

पुढं मला अमरावतीत कचेरीत नोकरी मिळाली आणि मी पथक सोडलं. तायडे नवीन माणसांना शिकवायला गावोगावी फिरत, कधी एखादं पत्र येई. साठचं दशक अर्धं उलटलं असेल, तेव्हा एका दुपारी ते माझ्या दारात उभे. मुलीला सायन्स कॉलेजात घालायला अमरावतीला आले होते. बरोबर ती प्रमिला, बापासारखीच बुटकी, चष्मेवाली, काखेत नवी वही. वसतिगृहात तिची सोय लावून झाली होती. ती दोघं आमच्याकडे जेवली. तायड्यांचे केस पांढरे व्हायला लागले होते, बाकी काही बदल नाही. नव्या पोरांबद्दल तक्रार करत होते. "अजून दहा-पंधराच लिहिते जी. एकाले म्हटलं, पाचाचा पाढा घरी म्हनत जाय."

संध्याकाळच्या गाडीनं त्यांना अकोल्याला परतायचं होतं. मी आणि प्रमिला त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. ते खिडकीशी बसले. गाडी सुटायला अवकाश होता. प्रमिला खाली उभी राहून, पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं, आईला काय सांगायचं, दिवाळीला कधी येणार, असं एकेक सांगत होती. तायडे मान हलवत होते. थोड्या वेळानं मान हलायची थांबली. आम्ही वाटेसाठी दिलेला डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरून, डोकं खिडकीच्या दांडीला टेकवून ते झोपले होते. तोंड किंचित उघडं.

"असेच हायत," प्रमिला म्हणाली. "बसले का झोपले."

मी विचारलं, उठवू का. ती नको म्हणाली. कंडक्टरनं घंटी दिली, गाडी हलली. आम्ही दोघांनी हात वर केले, ते त्यांना दिसणार नव्हते तरी. गाडी बडनेऱ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत ती खिडकी दिसत होती, आणि तिच्यात गाढ झोपलेले तायडे.